कट्टा सव्वासातला भरतो

पत्र: मी निवृत्त शिक्षिका. एप्रिल २०२०मध्ये सगळे घरात अडकलेले असताना ओळखीच्या पंधरा-वीस जणांना घेऊन झूमवर वाचनकट्टा सुरू केला. महिन्याचा पहिला शनिवार, संध्याकाळी साडेसात. आज आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १८४ जण आहेत, सांगली-कोल्हापूरपासून न्यू जर्सीपर्यंतचे. दर महिन्याला पाहुणा वक्ता मी शोधते, पोस्टर मी करते, लिंक मी पाठवते, आभारही मीच मानते. हजर असतात तीस-पस्तीस, त्यातले पंचवीस नुसते काळे चौकोन. "कोणाला काही विचारायचंय?" म्हटलं की शांतता. शेवटी चॅटमध्ये जोडलेले हात आणि "खूप छान". गेल्या महिन्यात कळलं की इचलकरंजीचे आमचे एक काका, अगदी पहिल्या दिवसापासूनचे, वारले. त्याला दीड महिना होऊन गेला होता. मधला कट्टा त्यांच्याशिवाय पार पडला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांच्या नंबरवर लिंक अजून जाते आहे. त्या रात्री मनात आलं, हे सगळं मी कशासाठी करते? बंद करू का? की पडद्यावरूनही माणसं खरंच जोडली जातात? (एक कट्टेकरी, सातारा. नाव छापू नये.)

ताई,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून ताईच म्हणते.

बंद करू नका. फक्त तुम्ही सध्या जे चालवताय त्याला कट्टा म्हणू नका, त्याची व्याख्यानमाला झाली आहे. व्याख्यानमालेत कमीपणा काहीच नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून भरते, आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं नाव माहीत नाही म्हणून तिथे कोणी हळहळत नाही. पण गंमत बघा, तिथेसुद्धा व्याख्यान संपलं की लोक लगेच घरी जात नाहीत. स्कूटरची किल्ली बोटात फिरवत उभे राहतात. "विषय बरा होता हो यंदा." "गुडघे काय म्हणतायत?" "तुम्ही त्या अमक्यांचे मेहुणे ना?" झूमवर ही स्कूटरजवळची जागाच नाही. तुम्ही आभार मानता, लाल बटण दाबता, आणि पस्तीस माणसं एका क्षणात आपापल्या स्वयंपाकघरात.

हे मला उमगलं ते माझ्या मावशीमुळे. मावशी ठाण्याला असते. तिचं बायकांचं भजनी मंडळ २०२०च्या पावसाळ्यात झूमवर आलं आणि भजनाचं जे व्हायचं ते झालं. एकत्र गायचं तर एकीचा आवाज दुसरीच्या कानावर साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या आत पडावा लागतो, त्यापुढे ठेका सुटत जातो. इंटरनेटवरून यायला त्याला सहज शंभर-दीडशे लागतात. एकीचा विठ्ठल संपायचा तेव्हा दुसरीचा सुरू व्हायचा. इलेक्ट्रॉनिक तंबोरा तर झूमने गाळूनच टाकला, कारण सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे त्याला पंख्याची घरघर वाटते. (गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्यांनी 'ओरिजिनल साउंड' चालू करावं. मंडळाला हे फार उशिरा कळलं.) शेवटी ठरलं की एकीने गायचं आणि बाकीच्यांनी म्यूट होऊन घरच्या घरी टाळ वाजवायचे. म्हणजे वीस बायका वीस घरांत एकेकट्याच भजन म्हणत होत्या.

तरीही मावशीने एक गुरुवार चुकवला नाही. भजन चारला, ती पावणेचारलाच बसायची. फोन असा धरायची की आम्हाला तिचं कपाळ आणि वरचा पंखा दिसावा. त्या पंधरा मिनिटांत कोथिंबिरीचा भाव, कोणाच्या मुलाची नोकरी गेली, कोणाला काढा मानवला नाही, सगळं होऊन जायचं. मग कोणीतरी शिस्त म्हणून वेटिंग रूम सुरू केली. बरोबर चारला दार उघडणार, पाचला समाप्त. महिन्याभरात विसाच्या नऊ झाल्या. कमिटीने यावर चर्चा केली आणि निष्कर्ष काढला की अभंगांची निवड चुकते आहे! मावशी मला म्हणाली, "अगं, पायरीवर बसूच देत नाहीत, तर देवळात जायचं कशाला?"

तेव्हा पहिलं काम, वेटिंग रूम बंद करा. पासकोड असलेली लिंक फक्त आपल्याच माणसांकडे असेल तर आगंतुक घुसायची भीती फारशी उरत नाही. सव्वासातला दार उघडा आणि साडेसातपर्यंत तुम्ही स्वतः गप्प बसा. शिक्षिकेला हे जड जाईल, कल्पना आहे. पहिले दोन महिने अवघडल्यासारखं होईल, कोणीतरी "आवाज येतोय का?" याच्यापलीकडे जाणार नाही. तिसऱ्या महिन्यात कोणाची तरी कुकरची शिट्टी ऐकू येईल, "काय केलंय आज?" असं दुसरीकडून विचारलं जाईल, आणि तुमचा कट्टा सुरू होईल. लाल बटणाचंही तेच. 'एंड फॉर ऑल' दाबू नका. होस्टपद कोणाला तरी देऊन तुम्ही निघा, मागे पाच-सहा जण रेंगाळू देत. यजमानीण दिवे मालवत असली की पाहुणा बसत नाही.

खातं फुकटातलं असेल तर चाळीस मिनिटांनी मीटिंग तुटते, आणि आपण पाहुण्यांपुढे ओशाळतो. मी म्हणेन, त्याचं मध्यंतर करा. सव्वासात ते पाच कमी आठ पहिला अंक, मग दहा मिनिटं चहा, पुन्हा त्याच लिंकवरून दुसरा. नाटकाला जाऊन बटाटेवडा न खाता परत आलेला मराठी माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आता शांततेकडे येते. ती लोकांच्या अंगात नाही, तुम्ही ती म्यूटच्या बटणाने तयार केली आहे. लहानपणी आजी गोष्ट सांगताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "हुंकार दे गं, नाहीतर मी झोपले." हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. झूमवर सगळे म्यूट म्हणजे वाचणारा भिंतीला वाचून दाखवतोय. विनोदावर कोणी हसलेलं ऐकू येत नाही, त्यामुळे पुढचा विनोद तो भीत भीत वाचतो. सगळ्यांनाच अनम्यूट करून मात्र भागणार नाही. झूम मोठा आवाज पुढे ओढतो आणि बारीक आवाज दाबतो, मग कोणाच्या तरी घरची मालिका तुमच्या वक्त्यावर स्वार होते. त्यापेक्षा दर वेळी तिघांना हुंकारी नेमा. अट एवढीच, कानात इअरफोन हवा आणि खोली शांत हवी. हे तिघे कार्यक्रमभर माइक उघडा ठेवून "हं", "अरे वा", "काय सांगता!" करत राहतील. जागा फिरती ठेवा. जो एकदा हुंकारी झाला तो पुढच्या वेळी काळा चौकोन राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

कॅमेऱ्याची सक्ती नको. मागे दोरीवर कपडे वाळत असतात, केस विंचरलेले नसतात, एका खोलीत चार माणसं असतात, डेटा संपत आलेला असतो. भाकऱ्या थापत ऐकणारी बाईही तुमच्या कट्ट्यावरच आहे.

पण हजेरी घ्या. खरोखरच, शाळेतल्यासारखी. ग्रुपवर एकच ओळ टाका, "हजेरीपटावर ज्यांना नाव हवं त्यांनी कळवा." १८४पैकी चाळीसेक जण कळवतील. बाकीचे शुभेच्छुक, त्यांना राहू द्या, त्यांच्यामागे धावू नका. दर शनिवारी सुरुवातीला चाळीस नावं वाचायची आणि प्रत्येकाने माइक उघडून म्हणायचं, "हजर, मिरजेहून, पाऊस नाही." चार मिनिटं लागतात. पहिल्या पाच मिनिटांत ज्याचा आवाज एकदा फुटला त्याला नंतर बोलायला लावावं लागत नाही. आणि ज्याच्या नावावर शांतता होते, तिकडे सगळ्यांचं लक्ष जातं.

माउलींच्या पालखीबरोबर कधी चालला आहात का? मुक्कामाला समाजआरती होते. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन काय झालं ते विचारतात, तंटा असेल तर मिटवतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, आणि मगच आरती. तुमच्याकडे उलटं होऊन बसलंय. सगळेच गप्प, त्यामुळे अडचणीत कोण आणि नुसतं ऐकतंय कोण, हे कळायला मार्ग नाही. म्हणून शेवटची पाच मिनिटं 'हरवलं-सापडलं'साठी ठेवा. आज कोण आलं नाही, कोणाचं ऑपरेशन आहे, कोणाला कोणतं पुस्तक हवंय. वक्त्याचे आभार त्याच्यानंतर. उशीर झाला तर आभारच राहू देत.

न आलेल्याला फोन कोणी करायचा? तुम्ही नाही. चाळीस जणांच्या पाच-पाचच्या आठ तुकड्या करा आणि त्या शक्यतो गावांप्रमाणे करा. तुमच्या यादीत कोल्हापूरची चार माणसं असतील आणि त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसेल, पैज लावते. मधल्या गप्पांसाठी ब्रेकआउट रूम (म्हणजे त्याच मीटिंगमधल्या छोट्या वेगळ्या खोल्या) करायच्या तर याच तुकड्यांच्या करा आणि निदान सहा महिने त्या बदलू नका. झूम आपणहून माणसं वाटून देतं, पण दर वेळी नवीन चार जणांना आपलं नाव-गाव सांगून ज्येष्ठ मंडळी कंटाळतात. खोलीत आपोआप पाठवायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो चालू ठेवा, नाहीतर अर्धे जण 'जॉइन'चं बटण शोधत बाहेरच राहतात. निरोपांचा मोठा ग्रुप फक्त ॲडमिनपुरता ठेवा. सुप्रभात, गुडघेदुखीवरचे उपाय आणि खऱ्या गप्पा पाच जणांच्या ग्रुपात होतील.

जी माणसं एका गावात आहेत त्यांना सांगा, शक्य असेल त्या शनिवारी एकाच्या घरी जमा आणि एका लॅपटॉपवर बसा. (एका खोलीत दोन यंत्रं लावलीत तर आवाज घुमतो. दुसऱ्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद.) ही कल्पना माझी नाही. १९५६मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुण्याहून एक प्रयोग केला होता, शेतकरी मंडळांचा. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. गावातली वीसेक माणसं एकत्र बसून तो ऐकायची, रेडिओ बंद झाल्यावर त्यावर बोलायची, आणि त्यांचे प्रश्न, शेरे, अनुभव पुण्याला पाठवले जायचे. त्यांना पुढच्या कार्यक्रमात उत्तरं मिळायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. मंडळांच्या गावांत लोकांना पुष्कळ जास्त कळलं होतं. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नव्हता. कार्यक्रम तर सगळीकडे तोच पोचत होता.

तुमची लिंक म्हणजे तो नुसता रेडिओ आहे, ताई. वक्ता कितीही मोठा आणलात तरी.

म्हणून वक्ता तीन महिन्यांतून एकदाच. मधल्या दोन शनिवारी तुकड्यांनी वाचायचं, प्रत्येकाने दोन पानं, स्वतः निवडलेली. अडखळत वाचणारा असला तर उत्तम, त्याला हुंकार जास्त मिळतो. आणि प्रत्येक तुकडीत एक पुस्तक फिरतं ठेवा, खरं, कागदाचं. पोस्टाने किंवा कुरिअरने एकाकडून दुसऱ्याकडे. वाचनालयाच्या पुस्तकाला शेवटी तारखांचा कागद चिकटवलेला असायचा, तसा एक चिकटवा. त्यावर नाव, गाव, कधी मिळालं, कधी पाठवलं. समासात पेन्सिलीने लिहायला परवानगी द्या. (पुस्तकात रेघ मारली म्हणून तुम्ही मुलांना ओरडत असाल, पण इथे तेच तर हवंय.) आधीच्या माणसाने एखाद्या वाक्याखाली रेघ मारून "हे आमच्या घरी घडलंय" असं लिहिलेलं असलं की पुढचा माणूस रात्री साडेदहाला फोन करतो. असा फोन पाहुण्या वक्त्यामुळे आलेला मी ऐकला नाही.

न्यू जर्सीच्या मंडळींचं थोडक्यात. आपले साडेसात म्हणजे त्यांचे उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं सरकतात, आपली नाही, त्यानंतरच्या पहिल्या कट्ट्याला लिंकबरोबर त्यांची वेळही लिहीत जा. त्यांना वक्त्यापेक्षा सव्वासातच्या गप्पांची भूक जास्त असते. घरात मुलं इंग्रजी बोलतात, आणि पावसाबद्दल मराठीत तक्रार करायला माणूस मिळत नाही.

राहता राहिलं तुमचं स्वतःचं. पत्रात "मी" किती वेळा आलाय, मोजलंत का? वक्ता मी, पोस्टर मी, लिंक मी, आभार मी. तुम्ही एक दिवस आजारी पडलात तर हा कट्टा मोडेल, आणि तो का भरला नाही हे विचारायलाही कोणी फोन करणार नाही, कारण फोन करायची सवयच कोणाला लागलेली नाही. पोस्टर आजपासून बंद. वक्त्याचा गोल फोटो, खाली कमळ, उजवीकडे तुमचं नाव 'संकल्पना' म्हणून, यामुळे एकही माणूस जास्त येत नाही. झालंच तर येणाऱ्याला वाटतं की आपण प्रेक्षक आहोत. हजेरी एकाकडे द्या, घड्याळ एकीकडे, लिंक न्यू जर्सीच्या कोणाकडे तरी, दुरून करता येईल असं काम त्यांनाही हवंच असतं. कामं चुकतील. एखाद्या शनिवारी लिंकच येणार नाही आणि चाळीस माणसं एकमेकांना "तुला आली का?" विचारत फिरतील. फिरू देत.

आता इचलकरंजीच्या काकांबद्दल. तुम्ही स्वतःला जो दोष देताय तो अर्धा काढून टाका. हजेरीच नव्हती तर गैरहजेरी कशी दिसणार? पण एक काम तुमच्या एकटीचं आहे, ते कोणाला वाटून देऊ नका. त्यांच्या घरी फोन करा. कार्यक्रमाबद्दल बोलू नका, श्रद्धांजलीसभेची परवानगी तर अजिबात मागू नका. काका कोणतं पुस्तक वाचत होते, एवढं विचारा.

त्यांचा नंबर ग्रुपमधून काढायची घाई करू नका. लिंकचा जो शेवटचा मेसेज तुम्ही पाठवलात त्यावर बोट दाबून धरा आणि 'इन्फो' उघडा. कोणी कोणी वाचला त्यांची नावं येतात. त्यात काकांचं नाव असेल, तर तो फोन घरात कोणीतरी अजून उघडतंय आणि पहिल्या शनिवारची वाट बघतंय. फोन करण्याआधी तेवढं बघून घ्या.